'ऑब्लिव्हियन्स गेट': वीस वर्षांच्या स्टार ट्रेक कादंबऱ्यांनी स्वतःवरच फिरवलेला बोळा

पोटमाळा (धागाकर्ता)

आधीच सांगतो की या धाग्यात शेवटच्या कादंबरीचा शेवट उघड केलेला आहे. ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावे.

'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिका-चित्रपटांवर बेतलेल्या 'कोडा' या त्रयीतली शेवटची कादंबरी, डेव्हिड मॅक यांची 'ऑब्लिव्हियन्स गेट', ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या आधीच्या दोन महिन्यांत डेटन वॉर्ड यांची 'मोमेंट्स असंडर' आणि जेम्स स्वॉलो यांची 'द ॲशेस ऑफ टुमॉरो' अशा दोन कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या. तीन लेखकांनी मिळून एका कथाविश्वाचा कडेलोट करायचा आणि तो वाचकांच्या डोळ्यांदेखत करायचा, असा हा बेत होता. मी ती त्रयी तेव्हाच वाचली. परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली आणि पहिल्या वाचनात जे नुसते खुपले होते त्याचे कारण आता सापडल्यासारखे वाटते, म्हणून हा धागा.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. चित्रपट-मालिकांवर बेतलेल्या कादंबऱ्यांचा एक अलिखित नियम असतो. गोष्ट कितीही मोठी असली तरी शेवटच्या पानावर सगळे पुन्हा जागच्या जागी यायला हवे. जेवणाची वेळ झाली की भातुकली आवरून ठेवावी, तसा हा प्रकार असतो. २००१ मध्ये एस. डी. पेरी यांच्या 'अवतार' या दोन भागांतल्या कादंबरीने हा नियम मोडला. 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९९ मध्ये संपली होती, त्यामुळे तिच्या पात्रांचे पुढे काय करायचे हे सांगायला पडद्यावर कोणी उरले नव्हते. संपादक मार्को पाल्मिएरी यांनी त्या मोकळ्या जागेत गोष्ट पुढे नेली. मालिकेचा नायक सिस्को याला मुलगी झाली आणि बजोर हा ग्रह फेडरेशनमध्ये, म्हणजे ग्रहांच्या संघराज्यात, सामील झाला. २००२ च्या 'नेमेसिस' चित्रपटानंतर 'एंटरप्राइझ' जहाजाचा कप्तान पिकार्ड आणि त्याचा सहकारी रायकर यांच्याही बाबतीत तेच घडले. पिकार्ड आणि जहाजाची डॉक्टर बेव्हर्ली क्रशर यांचे लग्न झाले, त्यांना रेने नावाचा मुलगा झाला आणि रायकर 'टायटन' या जहाजाचा कप्तान म्हणून स्वतःच्या कादंबऱ्यांचा नायक झाला. २००८ मध्ये याच डेव्हिड मॅक यांनी 'डेस्टिनी' या त्रयीत बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंचा प्रश्न कायमचा निकालात काढला, पण त्यापूर्वी अब्जावधी माणसे आणि कितीतरी जग बळी पडले. पुढच्या पुस्तकांनी ते नुकसान विसरून टाकले नाही. अँडोर या ग्रहाने फेडरेशन सोडले, शत्रूंनी आपापसांत संघटना उभारली, राष्ट्राध्यक्षांचा खून झाला. एका लेखकाने पाडलेल्या भिंतीची वीट दुसऱ्या लेखकाच्या नायकाच्या पायाला लागत असे आणि आम्ही वाचक याच गोष्टीच्या प्रेमात पडलो होतो.

मग जानेवारी २०२० मध्ये 'स्टार ट्रेक: पिकार्ड' ही मालिका सुरू झाली. तिच्यातला पिकार्ड द्राक्षमळ्यात एकटा राहत होता, त्याला बायको नव्हती, मुलगा नव्हता आणि बोर्गही पूर्णपणे संपलेले नव्हते. अधिकृत ते फक्त पडद्यावरचे, हा स्टार ट्रेकचा नियम पूर्वीपासूनच होता, त्यामुळे कोणी फसवले असे म्हणता येत नाही. पण अठरा वर्षे पडदा या काळाकडे फिरकलाच नव्हता आणि भाडेकरूला घर आपलेच वाटू लागले होते.

'कोडा'ने शोधलेला उपाय असा आहे. डेव्हिडियन नावाचे जीव, जे १९९२ च्या 'टाइम्स ॲरो' या भागात एकोणिसाव्या शतकातल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रोग्यांच्या मृत्यूवर जगताना दिसले होते, ते आता अख्ख्या कालरेषा कोसळवून त्यातल्या मरणावर पोट भरत आहेत. हा विध्वंस मूळ, म्हणजे पडद्यावरच्या, विश्वापर्यंत पोचू नये असे वाटत असेल तर एक विशिष्ट फांदी मुळापासून छाटली पाहिजे आणि ती फांदी म्हणजे आपण स्वतःच, हे पिकार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात येते. 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' चित्रपटात बोर्ग २३७३ मधून २०६३ मध्ये गेले, त्या उलथापालथीत ही फांदी फुटलेली होती. तेव्हा ती फुटूच नये अशी व्यवस्था ते करतात आणि त्यांच्यासह वीस वर्षांची सगळी पुस्तके कधी घडलीच नव्हती असे होते.

कारागिरी म्हणून मला हे पुस्तक आवडते. मॅक यांना मोठ्या आपत्तीचे दृश्य पेलते आणि पळापळीतही प्रत्येक माणसाला एक वाक्य, एक नजर देण्याइतकी सवड ते काढतात. माझा आक्षेप दुसराच आहे. ही कालरेषा खऱ्या अर्थाने मेली ती परवाना देणाऱ्या कंपनीच्या निर्णयामुळे. तो व्यवहाराचा निर्णय होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. पण कादंबरीने त्या निर्णयाला वैश्विक संकटाचा पोशाख चढवला आणि पात्रांकडून तो नैतिक कर्तव्य म्हणून वदवून घेतला. तुम्ही नाहीसे व्हा म्हणजे 'खरे' विश्व वाचेल, असे ज्यांना सांगितले गेले त्यांनी ते हसत मान्य केले. वीस वर्षे ज्यांना मी खरे मानले त्यांच्याच तोंडून मला ऐकावे लागले की आपण फांदी होतो, खोड दुसरीकडेच होते.

शेवटी एक बारीकशी गोष्ट. माझ्या कपाटात या कादंबऱ्यांची रांग आहे. 'अवतार'पासूनची पुस्तके खिशात मावतील अशा लहान आकाराची आहेत, दोन पावसाळ्यांत पिवळी पडलेली आणि वाचून वाचून कण्यावर पांढऱ्या रेघा उमटलेली. पुढे प्रकाशकांनी आकार मोठा केला आणि 'कोडा'ची तिन्ही पुस्तके त्याच उंच आकारात आली. ती त्या फळीवर उभी राहत नाहीत, म्हणून रांगेवर आडवी टाकून ठेवावी लागली आहेत.

टिपकागद

लेख आवडला, परंतु तर्काची एक अडचण आपण सोडून दिली आहे आणि माझ्या मते ती लहान नाही. फांदी फुटली २३७३ मध्ये. 'डीप स्पेस नाइन'चे शेवटचे दोन हंगाम, डोमिनियन या शत्रूसत्तेशी झालेले युद्ध, 'व्हॉयेजर' जहाजाचे घरी परतणे आणि 'नेमेसिस'मधला डेटा या यंत्रमानवाचा मृत्यू, हे सगळे त्यानंतरचे आहे. म्हणजे दोन विश्वे वेगळी झाल्यानंतरही कित्येक वर्षे दोन्हींकडे शब्द न् शब्द तेच घडत राहिले आणि नेमके मालिका-चित्रपट संपल्याबरोबर त्यांच्यात फरक पडू लागला, असे मानावे लागते. फांदी खोडापासून सुटली की पहिल्याच बोटभर अंतरावर दिशा बदलायला हवी होती. लेखकांना एक ठळक प्रसंग हवा होता आणि सर्वांना ठाऊक असलेला कालप्रवास त्यांनी उचलला, इतकाच याचा अर्थ.

सांजवाट

टिपकागद यांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यामुळे माझे वाचन अडले नाही, कारण मी या कादंबऱ्यांकडे विज्ञानासाठी कधी गेलेच नव्हते. मी गेले ती गॅरकसाठी.

पडद्यावर, 'डीप स्पेस नाइन'मध्ये, गॅरक हा कार्डेशिया या ग्रहावरून परागंदा झालेला शिंपी होता, माजी हेर होता आणि त्याचे एकही वाक्य सरळ नसे. कादंबऱ्यांनी त्याला मायदेशी नेले आणि कार्डेशियाच्या सर्वोच्च पदावर बसवले. २०१७ मध्ये आलेल्या मॅक यांच्या 'कंट्रोल'च्या शेवटी त्याचा मित्र डॉ. बशीर मनाने पार मोडून गेला आणि त्याची वाचा गेली. त्याला गॅरकने आपल्या घरी ठेवून घेतले. त्याच वर्षीच्या उना मॅकॉर्मॅक यांच्या 'एनिग्मा टेल्स'मध्ये हा सत्ताधीश राजकारण उरकून आल्यावर आपल्या मित्राला पत्रे लिहीत बसतो. मित्र त्याच घरात आहे आणि ती पत्रे वाचण्याच्या अवस्थेत नाही. आयुष्यभर खोटे बोललेला माणूस खरे बोलायला शिकला तो अशा श्रोत्यासमोर, ज्याच्याकडून उत्तर येण्याची शक्यता नाही. स्टार ट्रेकच्या कुठल्याही पडद्यावर मला याच्या तोडीचे काही दिसलेले नाही.

म्हणून 'कोडा'विषयी माझे मत धागाकर्त्यांच्या उलट आहे. त्या बलिदानाची मूळ विश्वात कोणालाही खबर नाही, त्याचे स्मारक नाही, इतिहासात नोंद नाही. पडद्यावरच्या द्राक्षमळ्यातल्या पिकार्डलाही ठाऊक नाही की त्याच्यासाठी दुसऱ्या पिकार्डने काय दिले. ठाऊक आहे ते फक्त वाचकाला. गॅरकची पत्रे जशी कोणी वाचली नाहीत पण आपण वाचली, तसेच हे आहे. लेखकांनी आपल्याला हिणवले असे मला वाटले नाही. उलट जे घडले त्याचे एकमेव साक्षीदार त्यांनी आपल्याला केले असे वाटले.

अर्धवट_रसिक

अशा शेवटांची तुलना करायची तर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेवरच्या 'न्यू ॲडव्हेंचर्स' या कादंबऱ्यांच्या मालिकेकडे पाहावे लागेल. मूळ दूरचित्रवाणी मालिका डिसेंबर १९८९ मध्ये थांबली आणि १९९१ च्या जूनपासून व्हर्जिन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने नव्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. सहा वर्षांत एकसष्ट पुस्तके झाली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅन यांचा दूरचित्रपट आला, बीबीसीला परवाना स्वतःकडे परत हवासा वाटला आणि व्हर्जिनला आवरते घ्यावे लागले. कारण अगदी तेच, म्हणजे पडद्याने डोळे उघडले की कागदाने उठावे.

पण त्यांनी शेवट कसा केला ते बघा. एप्रिल १९९७ मध्ये आलेल्या लान्स पार्किन यांच्या 'द डाइंग डेज'मध्ये त्यांनी नव्या आठव्या डॉक्टरला, म्हणजे मॅकगॅन यांनी साकारलेल्या नायकाला, आणले. जो नवा चेहरा त्यांचे घर मोडणार होता त्यालाच पाहुणा म्हणून बोलावले, जुना ब्रिगेडियर सोबतीला दिला, मंगळावरच्या आइस वॉरियर्सना लंडनवर चाल करून यायला लावले आणि त्यांच्या सरदाराला थेट इंग्लंडच्या गादीवर बसवले. पुस्तकात कुठे सुतक नाही. दहा जत्रा एकत्र भरल्यासारखा तो प्रकार आहे. आणि गंमत म्हणजे त्यांनी निर्माण केलेली बर्निस समरफील्ड ही पुरातत्त्वज्ञ बीबीसीची नव्हती, त्यामुळे डॉक्टर परत गेल्यावरही प्रकाशकांनी तिच्या नावावर डिसेंबर १९९९ पर्यंत मालिका चालू ठेवली.

अधिकृत म्हणून कोणी मोजले नाही तरी त्या पुस्तकांचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. त्यांतले एक पुस्तक लिहिणारे रसेल टी. डेव्हिस यांनीच २००५ मध्ये मालिका पडद्यावर परत आणली. पॉल कॉर्नेल यांची 'ह्यूमन नेचर' ही १९९५ ची कादंबरी २००७ मध्ये दोन भागांत पडद्यावर झाली, तीही स्वतः कॉर्नेल यांच्याच पटकथेवरून. दार बंद न करता नुसते लोटून ठेवल्याचा हा फायदा. 'कोडा'ने दार लावून वर चुलीत किल्ली टाकली.

कुंपणावरचा

किल्ली चुलीत गेली तरी निदान कोणीतरी कुलूप लावले. स्टार वॉर्सच्या वाचकांचे काय झाले ते आठवा. २५ एप्रिल २०१४ रोजी एक निवेदन निघाले आणि १९९१ पासून, म्हणजे टिमोथी झान यांच्या थ्रॉन या खलनायकाच्या कादंबऱ्यांपासून, बांधत आणलेले सगळे कथाविश्व 'लेजंड्स' या पाटीखाली अडगळीत गेले. त्या कालक्रमातली शेवटची कादंबरी ट्रॉय डेनिंग यांची 'क्रूसिबल', ती आदल्या वर्षी आलेली होती आणि ती शेवट म्हणून लिहिलेलीच नव्हती. हान सोलोची मुलगी जैना हिच्यावर क्रिस्टी गोल्डन तीन कादंबऱ्या लिहिणार असे जाहीर झाले होते, त्या रद्द झाल्या. मी त्या वाचकांपैकी एक आहे. मला कोणी वाईट शेवट दिला असता तरी चालला असता. स्टेशनच्या अलीकडेच गाडी थांबली, दिवे गेले आणि घोषणाही झाली नाही, त्यापेक्षा अपघात परवडला.

ध्रुवमत्स्य

अपघात परवडला असे आपण म्हणता, परंतु 'कोडा' वाचताना तो अपघात सुमारे हजार पाने चालतो हे विसरू नका. माझी तक्रार शेवटाविषयी नसून वाटेविषयी आहे. एझ्री डॅक्ससारखी कप्तान, जिला कादंबऱ्यांनी पंधरा वर्षे खपून घडवले, ती पहिल्याच पुस्तकात जाते. नंतर एकामागून एक नावे गळत राहतात. शेवटी सगळेच नाहीसे होणार आहे हे एकदा कळल्यावर मधल्या प्रत्येक मृत्यूचे वजन उतरते. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्याचे खिसे कापण्यासारखे ते वाटते. तीन पुस्तकांपैकी एक पुस्तक जरी त्या माणसांच्या रोजच्या जगण्याला दिले असते, म्हणजे पिकार्ड आपल्या मुलाला निजवतो आहे, रायकरच्या घरी जेवणाची पंगत बसली आहे, असे काही दाखवले असते, तर जे जाणार आहे ते काय आहे हे नव्या वाचकालाही समजले असते.

पोटमाळा

सर्वांचे आभार. सांजवाट यांच्या प्रतिसादाने मी अडचणीत आलो आहे, हे मान्य करतो. साक्षीदाराचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो खोडून काढण्याची इच्छाही होत नाही. तरीही एवढे म्हणेन की साक्षीदार होण्यासाठी बलिदान लागत नाही. त्या पात्रांनी डेव्हिडियनांना हरवले असते आणि आपल्या फांदीवर सुखाने नांदले असते, तरी पडद्यावरच्या विश्वाला काहीच धक्का लागत नव्हता. २००९ च्या स्टार ट्रेक चित्रपटाने वेगळी कालरेषा काढली आणि जुनी तशीच राहू दिली, हे उदाहरण समोर होते. म्हणून ही छाटणी कथेची गरज होती असे मला अजूनही वाटत नाही.

ध्रुवमत्स्य, पंगतीची कल्पना फार आवडली.

अर्धवट_रसिक यांनी लोटलेल्या दाराविषयी लिहिले, त्याला एक जोड देतो. 'व्हॉयेजर'च्या कादंबऱ्या वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या कर्स्टन बायर याच पुढे 'पिकार्ड' मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक झाल्या. म्हणजे जे कथाविश्व मोडले गेले त्याच्या एका गवंड्याचा नव्या इमारतीच्या पायाभरणीत हात होता. आणि 'टायटन' जहाजाचा जो आराखडा शॉन तूरांजो यांनी वाचकांच्या स्पर्धेत जिंकून कादंबरीच्या मुखपृष्ठावर आणला होता, तो २०२० मध्ये 'लोअर डेक्स' या ॲनिमेटेड मालिकेत पडद्यावर उडताना दिसला. तेव्हा चुलीत टाकलेली किल्ली पूर्ण वितळली नसावी.

टिपकागद

त्या यादीत आणखी एक नोंद घाला. 'पिकार्ड'च्या २०२३ मधल्या तिसऱ्या हंगामात कळते की पिकार्ड आणि बेव्हर्ली यांना एक मुलगा आहे. नाव जॅक, आणि बापाला वीसेक वर्षे त्याचा पत्ताच नव्हता. 'कोडा'नंतर अवघ्या दीड वर्षाच्या आत ही बातमी आली. रेनेला नाहीसा करून ज्या विश्वासाठी जागा मोकळी केली, त्या विश्वाने त्याच आईबापांच्या पदरी दुसरा मुलगा घातला. तो भाग पाहताना मी हसलो की चिडलो हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सांजवाट

मी तर रडले. ते जॅकसाठी नव्हते.

नवखा_प्रवासी

मी फक्त पडद्यावरचे स्टार ट्रेक पाहिलेले आहे. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर कर्क आणि स्पॉक यांना पाहणाऱ्या पिढीतला मी आहे. पुढच्या मालिका निवृत्तीनंतर पाहिल्या. हा धागा वाचून कादंबऱ्यांकडे वळावेसे वाटते आहे, पण शेवट असा आहे हे कळल्यावर एवढी पुस्तके वाचावीत का, आणि वाचायची तर कुठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोटमाळा

नवखा_प्रवासी, अवश्य वाचा, आणि सगळी वाचण्याचा हट्ट धरू नका. 'डीप स्पेस नाइन' पाहिली असेल तर 'अवतार'चे दोन्ही भाग घ्या. तिथून २००३ च्या 'युनिटी'पर्यंत आलात की सिस्कोची मुलगी जन्माला येते आणि एक वर्तुळ पुरे होते, तिथे खुशाल थांबता येईल. पिकार्डची ओढ जास्त असेल तर थेट 'डेस्टिनी' उचला. तिन्ही पुस्तके सलग वाचावीत, मध्ये दुसरे काही घेऊ नये. गॅरकसाठी सांजवाट यांनी सांगितलेले 'एनिग्मा टेल्स' आहेच, मात्र त्याआधी २०१३ चे 'द क्रिमसन शॅडो' वाचलेत तर तो त्या पदावर कसा पोचला हे कळेल.

'कोडा' शेवटासाठी ठेवा, किंवा ठेवूही नका. माझ्या ओळखीतल्या एका वाचकाने त्या तिन्ही प्रती विकत घेतल्या आहेत आणि अजून त्यांचे प्लास्टिकचे वेष्टनही काढलेले नाही. त्याच्या घरी पिकार्ड अजून 'एंटरप्राइझ'वरच आहे आणि रेने शाळेत जातो.